मुकी गाडी

नगरच्या स्टेशन रस्त्याला नबीलाल पिंजारी मोटारींच्या सीटा भरायचा. दुकान म्हणजे वर पत्रे, तीन बाजूंनी तट्ट्या आणि समोर लिंबाखाली एक गाडी उभी राहील एवढी जागा. बाप गल्लोगल्ली कापूस पिंजत फिरला. नबीलाल तरुणपणी पुण्यात बसच्या बॉड्या बांधणाऱ्या एका कारखान्यात लागला, तिथे सीटा आणि आतली छतं करायला शिकला, आणि बाप गेल्यावर नगरला परत आला. माणूस अबोल आणि कामाला हळू. लोक त्याच्या हळूपणावर वैतागायचे आणि फिरून त्याच्याकडेच यायचे.

बहात्तर साली पाऊस पडलाच नाही. दिवाळीच्या सुमाराला एक दिवस राहात्याचे राधाकृष्णअण्णा आपली जुनी हिलमन घेऊन लिंबाखाली येऊन उभे राहिले. गोदावरीच्या कालव्यावर अण्णांची पेरूची बाग होती. चांगल्या दिवसांत हौसेनं घेतलेली ही गाडी आता पार खिळखिळी झाली होती.

"नबीभाई, हिच्या आत आवाज येता कामा न्हाई," अण्णा उतरता उतरताच म्हणाले.

"कशाचा आवाज?"

"कशाचाच न्हाई. इंजिनाचा न्हाई, चाकाचा न्हाई. आन् आत गरमबी व्हता कामा न्हाई."

नबीलालला हसू आलं. "अण्णा, एवढी जुनी गाडी. तिचा आवाज बंद करायचा तर इंजिनच काढून ठेवावं लागेल."

अण्णा हसले नाहीत. त्यांनी मागचं दार उघडलं. दोन सीटांच्या मधल्या जागेत एक तरुण अंगाची जुडी करून बसला होता. कानांत कापूस, वरून मफलर घट्ट गुंडाळलेला, डोकं गुडघ्यांत. सदरा घामानं पाठीला चिकटला होता.

"माझा गोरक्ष," अण्णा म्हणाले. "रणगाड्यावर हुता."

गोरक्षनं रणगाड्याचं शिक्षण नगरलाच घेतलं होतं. एकाहत्तरच्या लढाईत पश्चिमेच्या सरहद्दीवर त्याच्या रणगाड्याला गोळा लागला, आत आग लागली. तो वरच्या झाकणातून बाहेर पडला. त्याच्याबरोबरचे पडले नाहीत. हाताची कातडी भाजून चकचकीत झाली होती, पण ती जखम भरली होती. न भरलेली निराळी होती. बंद जागेत इंजिनाची घरघर आणि गरम हवा एकत्र आली, की गोरक्ष राहात्यात राहत नसे, थेट त्या रणगाड्यात जात असे. दर महिन्याला पुण्याच्या डॉक्टरांना दाखवायला न्यावं लागे. एसटीनं नेला, तर कोल्हारजवळ चालत्या गाडीतून त्यानं उडी टाकली. म्हणून ही हिलमन. पण हिलमनही कमी गरजत नव्हती, आणि इंजिनाकडून येणाऱ्या धगीनं पायाखालचा पत्रा तापत होता.

नबीलालनं काम घेतलं. गोरक्ष त्या गाडीत परत बसेना, म्हणून अण्णांनी त्याला नगरातच त्याच्या मावशीकडे ठेवलं.

सीटा काढल्या, जुना गालिचा काढला. खालच्या पत्र्याला गंजून भोकं पडली होती, त्यांतून रस्ता दिसत होता. भोकांवर नव्या पत्र्याचे तुकडे मारले. मग पुण्याला शिकलेल्या रीतीनं सगळ्या तळाला गरम डांबर फासून वर गोणपाट बसवलं. इंजिनाच्या बाजूच्या भिंतीला ॲसबेस्टॉसचा जाड कागद लावला. छताच्या आत काथ्या आणि कापूस भरला, दारांच्या कडांना रबराच्या पट्ट्या मारल्या. गाडी सुरू करून बघितली, तर आवाज निम्म्याहून कमी झाला होता. नबीलाल स्वतःवर खूश झाला.

अण्णा दुपारी गोरक्षला घेऊन आले. ऊन चढलेलं होतं. गोरक्ष भीत भीत आत बसला, अण्णांनी दार लावलं. क्षणभर सगळं ठीक वाटलं. मग आतून दारावर लाथा बसू लागल्या. अण्णांनी दार उघडताच गोरक्ष बाहेर कोसळला आणि मातीत लोळत स्वतःच्या कपड्यांवर थापा मारू लागला. कपडे पेटले असावेत तसा. उन्हानं तळाचं डांबर मऊ पडलं होतं, त्याचा जळका वास आत कोंडला होता. नबीलालला, अण्णांना, कोणालाच हे आधी सुचलं नव्हतं. रस्त्यावरची माणसं जमली, त्यांतले दोघेतिघे हसलेही.

संध्याकाळी नबीलालच्या घशाखाली घास उतरेना.

"इत्ते चुप कायको?" बायकोनं, शहजादीनं विचारलं.

"मैंने उस बच्चे को फिर आगी में बिठाया," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं सगळं डांबर छिन्नीनं खरवडून काढायला घेतलं. डांबराच्या जागी काय घालायचं, हे त्याला बापाच्या धंद्यातून सुचलं. पारनेरकडचे धनगर त्या वर्षी मेंढरं विकत होते, लोकर कोणी विचारत नव्हतं. नबीलालनं ती काळी लोकर आणली. तिचा नमदा करायचा, म्हणजे लोकर पिंजून, साबणाच्या पाण्यात भिजवून, तुडवून तुडवून जाड थर जमवायचा. पण आधी तिचा मेंढरांचा वास जाईपर्यंत ती धुवायची होती, आणि शहरात पाण्यासाठी भांडणं चालली होती. शहजादी घागर घेऊन टँकरच्या रांगेत उभी राहायची आणि घरात प्यायला राहील एवढं ठेवून बाकीचं लोकरीवर ओतायची. एकदा शेजारणीनं भररस्त्यात तिला त्यावरून शिव्या दिल्या. ती ऐकून घेऊन घरी आली.

गोरक्ष मावशीकडून चालत दुकानावर येऊ लागला. आधी लांब लिंबाखाली बसायचा. मग एके दिवशी चपला काढून लोकर तुडवायला उभा राहिला. दोघं समोरासमोर उभे राहून भिजलेली लोकर तुडवत. हातोडीचं काम निघालं, की नबीलाल त्याला आधी सांगायचा, "गोरक्ष, जरा फिरून ये," आणि तो दिसेनासा झाल्यावर ठोकायला घ्यायचा.

असंच तुडवता तुडवता गोरक्षनं सांगितलं, "चाचा, आमचा ड्रायव्हर पुढं खाली बसायचा. त्याला निघायला जागाच राहिली न्हाई. मी बाहेर पडलो, वाळूत पडलो. त्याचा आवाज येत हुता. लई वेळ येत हुता. मी ऐकत हुतो."

नबीलाल तुडवत राहिला.

"अजून येतो," गोरक्ष म्हणाला.

नमद्याचे थरावर थर शिवून नबीलालनं गाडीचा तळ, दारं, छत, पाठीमागची बाजू, सगळं भरून काढलं. कशालाही वास नव्हता. संक्रांतीच्या आसपास काम संपत आलं, तेव्हा गोरक्ष आपणहून आत जाऊन बसला. दार लावून घेतलं, मग थोडं उघडून म्हणाला, "चाचा, बाहेरून वरडा बरं."

नबीलाल ओरडला. दार लावलेलं, काचा वर. गोरक्षला त्याचं नुसतं तोंड उघडलेलं दिसलं. नबीलाल आणखी जोरात ओरडला, रस्त्यावरचा टांगेवाला वळून बघू लागला. आत गोरक्ष हसत होता. त्याला हसताना नबीलालनं पहिल्यांदाच पाहिलं. मग गोरक्षनंही आतून काहीतरी ओरडून दाखवलं. बाहेर काही म्हणजे काही आलं नाही.

जाताना त्यानं काचांनाही काहीतरी करून मागितलं. नबीलालनं आकड्यांवर अडकवायचे गोधडीसारखे पडदे शिवून दिले. अण्णांना तेवढं बजावलं, "काच बोटभर खाली ठेवत जा. आत हवा खेळली पाहिजे." अण्णांनी मान हलवली. पोरगा गाडीत बसतोय यापुढे त्यांना काही ऐकू येत नव्हतं.

पुण्याची पहिली खेप झाली आणि अण्णा परतताना मुद्दाम दुकानावर थांबले. डोळे भरून आले होते. "झोपला, नबीभाई. घाट उतरलो, पुणं आलं, तरी झोपलेलाच. लढाईवरनं आल्यापासून असा झोपलेला पाह्यला नव्हता." घरी गेल्यावर नबीलालनं शहजादीलाही ते सांगितलं, आणि त्या दिवशी तो पोटभर जेवला.

पुढच्या वेळी कळलं, की गोरक्ष आता घरीही गाडीतच झोपतो. नबीलाल म्हणाला, "झोपू द्या." त्याला त्यात वावगं वाटलं नाही, उलट बरंच वाटलं.

चैत्रात पुण्याहून परतताना गाडी परत लिंबाखाली थांबली. या खेपेला गोरक्षची आई मालनबाई बरोबर होती. गोरक्ष खाली उतरला नाही. पडदा थोडा बाजूला करून "चाचा" एवढंच म्हणाला आणि पडदा लावून घेतला. चेहरा पांढरा पडला होता, दाढी वाढली होती.

मालनबाई नबीलालला बाजूला घेऊन म्हणाली, "नबीभाऊ, आता जेवनबी आतच करतो. हाक मारली तर ऐकू जात न्हाई, काच वाजवली तर दचकतो. यातलं थोडं काढा की ओ. माजी हाक जाईल एवढं तरी काढा."

नबीलालनं मागचं दार उघडलं, दाराच्या नमद्याला हात घातला. गोरक्षनं दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं. नबीलालनं हात मागे घेतला.

"पुढच्या खेपेला काढू, वहिनी," तो म्हणाला.

पुढची खेप झाली नाही. वैशाखात कालव्याचं पाणी बंद झालं. बाग वाळली. अण्णा गड्यांना घेऊन वाळलेली पेरूची झाडं खणून काढत होते. गाडी घरासमोर आंब्याखाली उभी असे, पण त्या साली आंब्यालाही पानं धड राहिली नव्हती. दुपार कलली तशी सावली सरकली आणि गाडी उन्हात आली. मालनबाई ओसरीवर ज्वारी निवडत बसली होती. पडदे लावलेले दिसत होते. पोरगा झोपलाय, म्हणून तिला बरं वाटलं. काच वाजवून त्याला दचकवायचं तिच्या जिवावर आलं.

चहाच्या वेळेला तिनं काच वाजवली. मग जोरात वाजवली. मग आरडाओरडा करून माणसं बोलावली. दारं आतून लावलेली होती, काच फोडावी लागली. गोरक्ष दाराला टेकून पडला होता आणि अंग भट्टीसारखं तापलं होतं. डॉक्टर आले, ते कागद करण्यापुरतेच. उष्म्यानं गेला म्हणाले.

पेरूच्या एका व्यापाऱ्याकडून नबीलालला कळलं. दहाव्याला तो एसटीनं राहात्याला गेला आणि ओट्याखाली माणसांत जाऊन बसला. अण्णांनी त्याच्याकडे बघितलं नाही. माणसं पांगल्यावर मालनबाई समोर येऊन उभी राहिली.

"नबीभाऊ, मी हितंच बसले हुते. त्यानं हाक मारली आसंल का ओ?"

नबीलालला काय ते माहीत होतं. लिंबाखाली उभं राहून त्यानं स्वतः बघितलं होतं.

"नाही वहिनी," तो म्हणाला. "झोपेतच गेला तो."

ती आत गेली. मग अण्णा पहिल्यांदा बोलले. "ते सगळं काढ तिच्यातलं. आत्ताच्या आत्ता."

नबीलालनं पिशवीतून कात्री आणि पक्कड काढली. उन्हात उभ्या गाडीत शिरून तो एकेक थर उसवून बाहेर टाकत गेला. मागच्या दाराच्या नमद्यावर रोज डोकं टेकून खळगा पडला होता. तो भाग त्यानं सगळ्यात शेवटी काढला. अंगणात काळ्या लोकरीचा ढीग पडला. अण्णा रॉकेलचा डबा घेऊन आले, तेव्हा मालनबाई दारातून ओरडली, "आग न्हाई लावायची! माज्या दारात आग न्हाई लावायची!" अण्णा डबा हातात घेऊन तसेच उभे राहिले. मग नबीलाल आणि एक गडी, दोघांनी ती लोकर बागेत नेली आणि खणून काढलेल्या झाडांच्या खड्ड्यांत पुरली.

अण्णांनी गाडी भंगारात दिली. नबीलाल सीटा भरत राहिला, कारण दुसरं काही येत नव्हतं. तो आणखी अबोल झाला. नमदा त्यानं पुन्हा केला नाही. शहजादीनं एकदोनदा विषय काढून पाहिला, मग तिनंही सोडून दिला.

पाऊस परत सुरू झाल्यावर मालनबाई बहिणीकडे नगरला यायची, तेव्हा दुकानावर थोडा वेळ टेकायची. शहजादी चहा पाठवायची. गाडीचं कोणी बोलत नसे. एकदा मात्र चहाचा कप तसाच धरून ती म्हणाली, "नबीभाऊ, मला सारखं वाटतं, त्यानं हाक मारली, आन् माजं ध्यान ज्वारीत हुतं. मी धड ऐकलं न्हाई. अन्न ग्वाड लागत न्हाई मला. खरं काय ते सांगा."

नबीलाल सुईत दोरा ओवत होता. त्यानं सुई खाली ठेवली.

"मारली असेल वहिनी, तरी तुम्हाला ऐकू आली नसती. तुम्ही गाडीला कान लावून बसला असता, तरी आली नसती. मी ती तशीच केली होती. दहाव्याला मी तुमच्याशी खोटं बोललो."

मालनबाई पदर तोंडाला लावून रडली. किती दिवसांचं साचलेलं होतं कोण जाणे.

"म्हंजी माजं कान खोटं न्हवतं," ती म्हणाली.

"नाही."

तिनं डोळे पुसले, कप खाली ठेवला आणि एसटी स्टँडकडे चालू लागली. त्यानंतर ती नगरला येत राहिली, पण दुकानाकडे कधी वळली नाही. नबीलालनंही तिची वाट पाहिली नाही.