फिक्या भाजीचा इवाई

फोन आला तेव्हा माझा हात कोपरापर्यंत कापसात होता. मारेगावच्या जिनिंगच्या आवारात एक गाडी उभी होती. वरचा माल कोरडा आणि आतला ओला, असा मला संशय होता आणि गाडीवाल्याशी माझं चांगलंच वाजलं होतं. तेवढ्यात मुलाचा फोन. "बाबा, कळंबचे मामा गेले." मी म्हटलं, "कुठं गेले?" खरंच तसं विचारलं मी... कारण वामनराव, माझ्या मुलाचे सासरे, हंगाम आटोपला की मारेगावला आमच्याकडे जेवायला येणार होते. तसा निरोप नुकताच आला होता. पोरगा म्हणाला, सकाळी अर्धांगवायूचा झटका आला, यवतमाळच्या दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. गाडीवाला विचारत होता, "शेठ, भावाचं काय?" मी त्याच्यावर खेकसलो आणि मोटरसायकलला किक मारली.

आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. या इवायाशी माझं एक भांडण होतं आणि ते मिटलं असं मी आजही म्हणणार नाही. पण ते सांगायचं तर आधी माझ्या पोटाचं सांगावं लागेल.

मी हमालीतून वर आलो. आधी पोती उचलली, मग दुसऱ्याच्या काट्यावर उभा राहिलो, मग गावोगाव फिरून स्वतः कापूस घ्यायला लागलो. ती वर्षं वाईट होती. कापसाचा भाव सकाळी एक आणि संध्याकाळी एक. पेपरात रोज आमच्या जिल्ह्याचं नाव यायचं, बाहेरगावचे लोक गाड्या घेऊन शेतं पाहायला यायचे, आणि आम्हा व्यापाऱ्यांकडे सगळे चोर म्हणून बघायचे. आमच्या धंद्यात सौदा ठरला की चहा. तो घेतला नाही तर सौदा तुटला असं समजतात. त्यामुळे सकाळपासून रिकाम्या पोटी चहावर चहा, दुपारचं जेवण दिवस कलल्यावर, आणि रात्री तर्रीचा रस्सा ओरपून सरळ आडवं व्हायचं. छातीत निखारा ठेवल्यासारखी जळजळ व्हायची, घशाशी आंबट पाणी यायचं. खिशातल्या गोळ्या मी फुटाण्यांसारख्या चघळायचो.

वामनराव एसटीत ड्रायव्हर होते. स्टँडवरचं खाऊन त्यांनीही तोच निखारा सांभाळला होता. कोणत्या स्टँडचं खाणं छातीत कुठपर्यंत सोबत येतं, हे त्यांना पाठ होतं. "बाभुळगावची मिरचीभजी यवतमाळपर्यंत उतरत नाही जी. मारेगावचा चहा तं पार करंजीपर्यंत." निवृत्त झाल्यावर त्यांनी एकेक गोष्ट स्वतःवर करून पाहिली आणि निखारा विझवला. मला तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं.

पोरांच्या लग्नानंतर त्यांनी आम्हाला पाहुणचाराला कळंबला बोलावलं. मुलाच्या बापाला तर्रीचं जेवण घालायचं, रश्श्यावर तेलाचा लाल तवंग दिसला पाहिजे, हा आमच्याकडचा मान आहे. मी त्या आशेने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. दिवस बुडायच्या आत ताट आलं. ताटात दोडक्याची फिकी भाजी, ज्वारीच्या कण्या आणि ताक. शेजारी त्यांचे सगळे भाऊबंद बसलेले.

"हे काय हाय?" मी विचारलं.

"जेवण हाय जी."

"माणसाचं का बिमाराचं?"

"बिमाराचंच," वामनराव म्हणाले. "लग्नाच्या बोलणीत तुम्ही सारखी छातीवर मूठ दाबून राह्यले होते. माह्या पोरीचं नाव निघालं का तुमचं तोंड आंबट. मले वाटलं, पोरगी पसंत नाही काय. मंग समजलं, पित्त हाय."

सगळी पंगत हसली. मी म्हणालो, "माह्या छातीवर नजर ठेवायले मी काय तुमच्या एसटीतली सवारी हाय?" आणि ताटावरून उठलो. बायको शर्ट ओढत होती तरी उठलो. या घरात पुन्हा घास घेणार नाही, असं दारात उभं राहून सांगितलं. चारचौघांत त्यांनी माझं पोट काढलं, हे माझं दुखणं होतं. त्यांनी आजारी म्हटलं याचा राग नव्हता, माणसांसमोर म्हटलं याचा होता.

इवाई ज्या घरी जेवत नाही, त्या घरचा इवाईही त्याच्याकडे जेवत नाही. दोन घरांची पंगत तुटली आणि मधे सापडली आमची सून, ललिता.

एकदा मी आडवा झालो तर खाट उशाकडून वर आलेली. पाहतो तर उशाकडच्या दोन्ही पायांखाली विटा. मी ललिताला हाक मारली. "खाट काहून वाकडी केली?"

"बाबांनी सांगतलं."

"तुह्या बापाचं राज्य हाय काय इथं?"

"नाही जी. पण तुम्ही खोकलता, त्यानं आम्हाले झोप नाही लागत," ती म्हणाली आणि निघून गेली. मी रागाने तसाच झोपलो. सकाळी तोंडात आंबट चव नव्हती... मी व्यापारी माणूस, एका बोंडावरून गाडीचा भाव करत नाही. विटा काढून पाहिल्या. जळजळ परत आली. पुन्हा लावल्या, गेली. मग मी विटा काढून दोन उशा घेतल्या, तर जळजळ आणखी वाढली. हे मला कळेना. ललिताला म्हटलं, "विचार तुह्या बापाले, उशा काहून चालत नाही." तिने फोन लावला आणि मला उत्तर आणून दिलं, "बाबा म्हणते, उशीनं माणूस पोटात मुडपते. उशी म्हणजे वळण, विटा म्हणजे उतार. उतारावर गाडी आपोआप खालीच राह्यते."

तिथून माझा स्वभाव चाळवला. मी त्यांच्याशी बोलत नव्हतो, पण ललिताच्या फोनवरून आमची घासाघीस सुरू झाली. ते एक गोष्ट सांगायचे, मी करून पाहायचो आणि खोट काढायचो. थंड दूध घेतलं, घटकाभर बरं वाटलं आणि मग दुप्पट जळजळ. "सांग, दूध फेल." उत्तर आलं, "मले पण फेल झालं, म्हणून मी ते सोडलं. तुम्हाले होते काय ते पाहत होतो." मला असा राग आला! डाव्या कुशीवर झोपणं पास. उजव्या कुशीवर घसा जळायचा, डाव्यावर नाही. जेवणानंतर बडीशेप चघळणं, किरकोळ जळजळीला पास. पिकलेलं केळं, मला पास, बायकोला नापास. जिऱ्याच्या पाण्याचा निकाल कधी असा, कधी तसा. चहाचं मात्र अवघड झालं. एकदा सौदा ठरल्यावर मी चहाऐवजी ताक मागितलं, तर त्या शेतकऱ्याने भरलेली गाडी परत वळवली. त्याला वाटलं मी शब्द फिरवला. हे कळंबला कळल्यावर निरोप आला, "आधी दोन फुटाणे खा, मंग एक घोट घ्या, बाकीचा बशीत ओतून त्यालेच द्या. एका कपातला चहा दोघांनी पेला तं सौदा अजून पक्का." तेव्हापासून मी तसंच करतो आणि गाड्या वळत नाहीत.

एक निरोप मात्र त्यांनी घासाघिशीशिवाय पाठवला. घास अडकत असेल, वजन उतरत असेल, किंवा कळ हातात, जबड्यात जाऊन घाम सुटत असेल, तर माझं काही करून पाहू नका, डॉक्टर गाठा. घास अधूनमधून अडकत होताच. मी यवतमाळला जाऊन घशातून नळी घालून तपासून घेतलं. अन्ननलिकेला सूज होती. डॉक्टरांनी औषध दिलं आणि विटा राहू द्या म्हणाले. तेही मी कळवलं. म्हणजे ललिताने कळवलं.

आणि पुदिना. पुदिना थंड, सगळ्यांनाच माहीत आहे. वामनरावांनीही सांगितला. मी पुदिन्याची चटणी खाल्ली, जळजळ वाढली. वाटलं, चटणीतल्या मिरचीने झालं. मग नुसती पानं पाण्यात घालून प्यालो, तरी वाढली. सोडला, कमी झाली. "सांग तुह्या बापाले, पुदिना फेल. एकदम फेल." त्या वेळी उत्तर बरेच दिवस आलं नाही. मग ललिता हसत आली, "बाबा म्हणते, विचार करून राह्यलो."

नात कळंबला झाली. पहिलं बाळंतपण माहेरी, बारसंही तिथेच. ललिताने फोन केला. "मामंजी, जेवणार नसाल तं येऊ नका. ताटावरून उठणारं माणूस मले माह्या पोरीच्या बारशात नाही पाहिजे." आजवर माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. मी गेलो. वामनराव उंबऱ्यातच उभे होते.

"जेवतो," मी म्हटलं. "पण भरली वांगी पाहिजेत, तर्रीची."

"देतो. दिवस बुडायच्या आत."

"पोटभर."

"दोन वांगे."

"चार."

"तीन, अन् जेवल्यावर आडवं व्हाचं नाही. चिंतामणीच्या देवळापर्यंत माह्यासंगं पायी यायचं."

"अन् चारचौघांत बोलले त्याचं काय?"

"ते मी वापस नाही घेत जी. खोटं कुठं होतं?"

ललिता दारामागे बाळ घेऊन उभी होती. मी आत गेलो आणि बसलो. वामनराव शेजारी बसले, त्यांच्या ताटात दोडकाच होता. जेवून आम्ही देवळापर्यंत गेलो आणि परत आलो. सकाळी त्यांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "झाली जळजळ." "किती?" "बाभुळगावहून निघाली, अर्ध्या वाटेत उतरली." तेव्हा ते पहिल्यांदा माझ्यासमोर मोठ्याने हसले.

आता त्यांची आमच्याकडे येण्याची पाळी होती. ती राहिली.

तेरवीला कळंबला गेलो. पाहुणे येत राहिले, पंगत लांबत चालली. मी स्वयंपाक्यांवर ओरडलो, भाऊबंदांवर ओरडलो, दिवस बुडायच्या आत पंगत उठवली. जेवल्यावर घरात बसवेना, म्हणून देवळाच्या रस्त्याला लागलो. पुलाच्या कठड्यावर काही म्हातारे बसले होते. एसटीतलेच, वामनरावांबरोबर रोज फिरणारे. एकाने विचारलं, "मारेगावचे इवाई काय जी तुम्ही? पुदिनावाले?"

"कोण पुदिनावाले?"

"वामनराव सांगे ना! म्हणे माह्या इवायानं पुदिना पकडला. मी इतके वर्ष पेत होतो अन् जळत होतो, मले नाही समजलं, त्याले समजलं. तुमच्यापायी आम्ही सगळ्यायनं पुदिना सोडला." दुसरा म्हणाला, "मले तं फरक पडला. याले नाही पडला."

मला आधी रागच आला. म्हणजे इतकी वर्षं माझं पोट या पुलावर रोज चारचौघांत निघत होतं! दूध कधी फेल झालं, केळं कुणाला चाललं, नळी कधी घातली... सगळं त्यांना ठाऊक. मी सांगितलेला भाव कुणी ऐकून घेत नव्हतं त्या वर्षांत, आणि इथे ही माणसं माझ्या निकालांची वाट पाहत होती.

"मंग, सध्या काय पाहून राह्यले?" त्यांनी सरकून जागा केली. मी बसलो.

"गूळ," मी म्हटलं. "जेवल्यावर खडाभर. वामनरावांनीच सांगतला होता."

"अन्?"

"अजून पक्कं नाही समजलं."

"समजलं का कळवा जी," तो म्हणाला आणि मोबाइल काढून नंबर सांगायला लागला. मी त्याला थांबवलं. म्हटलं, नंबर ललिताला द्या, निकाल तीच कळवते.