पत्रकात न मावलेली ओळ

नायट्यासाठी चिठ्ठीशिवाय विकल्या जाणाऱ्या स्टेरॉइडच्या ट्यूबा म्हणजे निव्वळ लूट आहे, हे मी आजही ठणकावून सांगेन. चार दिवस खाज थांबते, मग नायटा दुप्पट पसरतो. मोर्च्यांत घोषणा देत फिरायचे त्या दिवसांतही मी हेच सांगत होते, फक्त आवाज जास्त होता. एका शिबिरात दुपारभर बसून वनस्पती तेलांवर व्याख्यान ऐकलेलं. तेवढ्यावर मी वैद्य झालेले.

लगेच पत्रक लिहिलं. वाटीभर करंज तेलात लवंग तेलाचे दोनच थेंब, असं त्यात स्पष्ट होतं. डोंबिवलीचा डीटीपीवाला म्हणाला, "ताई, एक ओळ जास्त होतेय. वरची घोषणा बारीक करू?"

"घोषणेला हात लावायचा नाही. ती वाटीची ओळ काढ."

मग वर ठळक 'ट्यूब फेका, तेल लावा!' आणि खाली 'करंज व लवंग तेल, दिवसातून दोनदा.' प्रमाण गेलं.

कळव्याला आमच्या शेजारच्या काकू घोडबंदर रोडच्या ऑफिसांना पोळी-भाजीचे डबे देतात. घर त्यावरच चालतं. त्यांना कोपराजवळ नायटा होता, म्हणून पहिलं पत्रक त्यांनाच दिलं, वर भाषणही ऐकवलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी हात पुढे केला. कोपर लालभडक, आणि तेल चोळलेल्या बोटांवर फोड.

"अर्धं करंज, अर्धं लवंग घेतलं. बरोबर ना गं?"

मी त्यांना रिक्षात घालून त्वचेच्या डॉक्टरकडे नेलं.

"आधी काय लावत होतात?" डॉक्टरबाईंनी विचारलं. काकूंनी ट्यूबचं नाव सांगितलं. "त्यानेच पसरलाय." माझी मान ताठ झाली.

"आणि हे फोड कशाने?"

"तेलाने. पेपरात आलेलं," काकू म्हणाल्या.

त्या मला वाचवत होत्या. मी म्हटलं, "पेपरात नाही. मी छापलं."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे नीट बघून घेतलं. औषध लिहून दिलं आणि सांगितलं, आठ दिवस कणकेत हात घालायचा नाही.

वाटलेली पत्रकं मी दारोदार फिरून परत मागितली. बहुतेकांनी ती वाचलीच नव्हती. आपलं लिहिलेलं कुणी वाचलं नाही, याचं आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटलं.

आणि रोज सकाळी काकूंकडे कणीक मळायला गेले.

"अगं, कणीक आहे ती, सरकार नाही. बुक्क्या कशाला मारतेस?"

माझ्या पोळ्या जाड व्हायच्या, कडेला कच्च्या राहायच्या. एका ऑफिसातून फोन आला. काकू म्हणाल्या, "नवीन बाई ठेवलीय हो. शिकलेली आहे, वेळ लागेल."

त्या आठ दिवसांत दोन डबे बंद झाले. बाकीचे टिकले, ते भाजीमुळे. भाजी काकू शेजारी उभं राहून सांगायच्या, चमचा मोजून, आणि मी मुकाट्याने तेवढंच घालायचे.