कोपरा कापलेलं ग्रीटिंग

नातीने दिवाळीचं ग्रीटिंग हातात दिलं. नक्षीसाठी कापलेला त्याचा कोपरा पाहून मला काकी आठवली.

माझ्या शाळकरी वयात, खेडजवळच्या आमच्या गावात कोपरा फाडलेलं पत्र म्हणजे कुणीतरी गेल्याची खबर. मुंबईहून काकाने हौसेने असंच महागडं कार्ड धाडलं. काकीला वाचता येत नव्हतं. कोपरा दिसताच तिने किंचाळत दोन्ही हात जांभ्याच्या पायरीवर आपटले; बांगड्या फुटल्या, काचा मनगटात घुसल्या, रक्त उडालं. मी 'शुभ दीपावली' ओरडून वाचेपर्यंत तिने कुंकूही पुसलं होतं.

काका घरी आला, तेव्हा तिने त्याला मुठींनी बडवलं. "पैशे देऊन माजं कुंकू पुसायला निघालात?"

तिच्या मनगटांकडे बघत काका मार खात राहिला. आपल्यामागे बायको काय करील, हे जिवंतपणी किती जणांना कळतं? त्याचे पैसे वसूल झाले.