रिव्हर्सची सनई

गाडी माझ्या नावावर आहे. कागदावर मालकीण मी, पण चौकातल्या चहाच्या टपरीवर बसून तिच्याबद्दल बोलायचा हक्क फक्त माझ्या नवऱ्याचा. आमची मासळीची पिकअप. गावच्या तलावातली आणि आजूबाजूच्या बोड्यांमधली, म्हणजे लहान तळ्यांमधली मासळी भरायची आणि कुरखेडा, वडसा, जिथे बाजार असेल तिथे न्यायची, एवढंच तिचं काम. पण टपरीवरच्या पिकअपवाल्यांना विचाराल तर ती गाडी नाही, नवरी आहे.

बर्फ घ्यायला मला त्याच चौकात थांबावं लागतं. कान झाकले तरी यांचं बोलणं ऐकू येतंच.

"मागचे स्प्रिंगचे पाटे वाढवले मी. आता कितीक माल भरा, गाडी बसत नाई."

"माह्या बंपरले हात लावून पाह्य. असा जाडा पाइप आहे, बैल धडकला त बैलच पडन."

"बंपर का चाटतं बे? माह्ये लाइट पाह्य. रात्रीचा दिवस होते."

"घरी मोरीतला बल्ब गेला त महिना महिना बदलत नाई," मी म्हणायची, "अन् इथी रात्रीचा दिवस करून राह्यले!"

"वहिनी आल्या, चूप बसा रे," असं म्हणून ते दात काढायचे आणि परत तेच सुरू. एकाने बसवलं की दुसऱ्याला त्याहून मोठं पाहिजे. लेकरांचं बरं, लेकरं निदान मोठी तरी होतात.

आमच्याकडच्या पिकअपवाल्यांचा एक रिवाज आहे. साधा हॉर्न कोणी ठेवत नाही. ज्याची त्याची धून वेगळी, आणि एकाची धून दुसऱ्याने घ्यायची नाही. त्याचा फायदा आहे, ते मी नाकारत नाही. आमची धून वाजली की गावातल्या बाया गंज, पातेली घेऊनच बाहेर येतात. पण एवढ्यावर यांचं भागलं नाही. मग सगळ्यांनी रिव्हर्सलाही धून लावली. गाडी मागे घेताना मागच्या माणसाने बाजूला व्हावं म्हणून साधं टूं टूं वाजतं ना, त्याच्या जागी गाणं. माझ्या नवऱ्याने सनई लावली. लग्नात नवरी निघताना वाजते तसली, रडकी आणि मोठ्ठी. सोबत डाल्याच्या, म्हणजे मागच्या उघड्या हौद्याच्या खाली लाल-हिरव्या लाइटांची माळ. रिव्हर्सचा गेअर पडला की सनई सुरू, माळ सुरू. कंपनीचा मागचा दिवाही त्याच वायरवर ओढून घेतला. बंद करायला बटनच ठेवलं नाही. "बटन कायले पाहिजे? आपली सनई बंद कोण करन?" असं ऐटीत सांगत होता.

माझे सासरे, मी त्यांना मामाजी म्हणते, ही सनई वाजली की तोंड फिरवायचे. "गाडी आहे का वरात आहे?" एवढंच म्हणायचे. जन्मभर तलावात कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून जाळं ओढलेला माणूस. बाजाराला यायचे तेव्हा केबिनमध्ये बसायचे नाहीत. काळ्या काचा आणि अत्तराची बाटली, त्यांचा जीव गुदमरायचा. मागे डाल्यात, बर्फाच्या पेट्यांवर, शेला गुंडाळून बसायचे.

त्या दिवशीही तसेच बसले होते. धानाच्या बांध्यांमध्ये कापलेल्या पेंढ्यांचे पुंजणे रचलेले होते. हत्तींचा कळप आमच्याकडे आल्यापासून हे दिवस फार वाईट जातात. रात्रभर धान खातात आणि उजाडताना जंगलात परततात. जंगल खात्याच्या बिटगार्डने दहादा सांगितलं होतं, हत्ती दिसला की लाइट बंद, आवाज बंद, हळूच मागे व्हायचं. माहीत सगळ्यांना होतं. चौकात बोललंही जायचं, पण ते बोलणं दोन मिनिटांत परत बंपरवर यायचं.

उजाडत होतं. धुकं इतकं, की रस्त्याच्या कडेची झाडं जवळ आल्यावरच दिसत होती. एका बाजूला बांध्या, दुसरीकडे जंगल, रस्ता एका गाडीपुरता. तेवढ्यात मामाजींनी केबिनच्या टपावर हात आपटला. नवऱ्याने ब्रेक मारला आणि मलाही दिसलं. समोर रस्त्यावर हत्तीण उभी होती. तिच्या मागून दुसरी, आणि दोघींच्या पायांमध्ये पिल्लू.

नवऱ्याने लाइट बंद केले. तिथवर बरोबर केलं. मग त्याने रिव्हर्स टाकला.

सनई वाजली. त्या धुक्यात, त्या शांततेत, नवरी निघाल्यासारखी सनई! हत्तीण गर्रकन वळली. तिचे कान पसरले आणि ती आमच्याकडे दोन-चार पावलं धावून आली. नवऱ्याने घाबरून गेअर काढला. सनई बंद झाली, तशी ती थांबली. सोंड वर करून वास घेत राहिली.

"बंद करा ना ते!" मी कुजबुजले.

"बटन नाई," तो म्हणाला. त्याच्या ओठांवर रंग नव्हता. मला त्याचा असा संताप आला, की हत्ती नसता तर तिथेच गालफड फोडलं असतं. पुढे जाता येत नव्हतं, वळवता येत नव्हतं. मागे घ्यावं तर सनई. पळावं तर कुठे? आणि मामाजी तर मागे उघड्यावर.

माझ्या खिडकीशी सावली आली. मामाजी खाली उतरले होते. कमरेचा चाकू त्यांच्या हातात होता, जाळ्याची दोरी कापायचा. मी काच थोडी खाली केली.

"वायर तोडतो मी," ते आम्हा दोघांनाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले. "मी डाल्यावर थाप मारीन. थाप मारल्याबिगर गाडी हलवाची नाई. समजलं?"

नवऱ्याने मान हलवली. मीही हलवली. ते वाकून मागे गेले आणि दिसेनासे झाले.

मागे पाहायला काहीच नव्हतं. केबिनच्या मागच्या काचेवर काळी फिल्म, तिच्यावर वाघाचं मोठं चित्र. आरशात नुसतं धुकं. मी कान देऊन बसले. डाल्याखाली काहीतरी खरखरलं. समोर हत्तीण पायाने माती उकरत होती. पिल्लू तिच्या पुढे यायला पाहत होतं आणि ती त्याला सोंडेने मागे ढकलत होती. थाप का येत नाही? मनातल्या मनात मी देवाला नाही, मामाजींनाच हात जोडत होते. मारा बाप्पा, मारा थाप.

पिल्लू निसटलं आणि आमच्याकडे धावत आलं. त्याच्या मागे हत्तीण.

नवऱ्याने गेअर टाकला. "थांबा!" म्हणायला माझं तोंड उघडलं, आवाज निघालाच नाही. गाडी मागे गेली. सनई वाजली नाही. दिवाही लागला नसणार. मागचं चाक मात्र कशावर तरी चढलं आणि उतरलं.

आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. मागून हूं की चूं नाही. हत्तीणीने पिल्लाला गाठलं, सोंडेने वळवलं आणि जंगलाकडे घेतलं. दुसरीही गेली. आमच्याकडे त्यांनी परत पाहिलंसुद्धा नाही. गाडी आणि त्यांच्यामध्ये दोन गाड्या मावतील इतकी जागा उरली होती.

मामाजी चाकाजवळ पडले होते. एक पाय गुडघ्याखाली पाहवत नव्हता. ओरडू नये म्हणून त्यांनी शेल्याचा बोळा तोंडात धरला होता. तुटलेली वायर अजून त्यांच्या मुठीत होती. शेला काढून पहिलं काय म्हणाले, तर "गेले का?"

"गेले, मामाजी," मी म्हटलं, आणि मग माझा धीरच सुटला. मासळीच्या पेट्या आम्ही रस्त्यावर फेकल्या आणि त्यांना डाल्यात घेतलं. कुरखेड्याहून पुढे गडचिरोलीला न्यावं लागलं. तिथे त्यांचा पाय कापला.

शुद्धीवर आल्यावर विचारणाऱ्या प्रत्येकाला ते एकच सांगत होते. "हत्तीनं गाडीले धक्का देल्ला, अन् माहा पाय चाकाखाली गेला." डॉक्टरला तेच, नातेवाइकांना तेच. मी त्यांच्याकडे पाहिलं की ते डोळे मिटायचे. नवरा दाराशी बसायचा, उठायचा, परत बसायचा. खरं त्यानेही सांगितलं नाही, मीही नाही. घरात तिघांनाही माहीत आणि तिघेही गप्प. मला नवऱ्याची चीड यायची आणि त्याची दयाही यायची. वेड लागायची पाळी होती.

घरी आणल्यावर चौकातली सगळी मंडळी भेटायला आली. अंगणात सतरंजीवर बसली. मामाजी खाटेवर, पायावर चादर. मी चहा केला. मग एकाने बाहेर उभ्या गाडीकडे पाहिलं आणि बोलणं जिथे जायचं तिथे गेलं.

"काका, हत्तीनं धक्का देल्ला अन् बंपरले पोचाही नाई! भाऊ, कोणत्या वेल्डरनं बनवला?"

"असाच मले पाहिजे," दुसरा म्हणाला. "हत्ती झेलला बाप्पा यानं!"

मी ट्रे खाली ठेवला. आता मीच बोलणार होते, जे व्हायचं ते होवो. पण नवरा आधी बोलला.

"हत्ती गाडीजवळ आलाच नाई."

"ए, चूप बस," मामाजी खाटेवरून म्हणाले. "याच्या मनावर परिणाम झाला आहे. काईबी बोलून राह्यला."

"बाबा थाप मारणार होता," नवरा खाली मान घालून बोलत राहिला. "थाप आली नाई. बाबा मागं आहे, मले मालूम होतं. मालूम असून मी गाडी घेतली. हत्तीनं काईच नाई केलं. मी केलं."

बंपरचं विचारणाऱ्याने कप खाली ठेवला. नवरा रडायला लागला, पोरासारखा, हुंदके देऊन, सगळ्या दोस्तांसमोर. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं. मला सुटल्यासारखं झालं आणि रडूही आलं.

मामाजी एका हाताने खाटेची पाटी धरून उठून बसले. त्यांचा चेहरा रागाने लाल झाला होता. हॉस्पिटलातही ते इतके चिडले नव्हते.

"काऊन सांगतलं बे?" ते ओरडले. "पाय त माहा गेलाच होता. पोरगा वाचवून राह्यलो होतो मी!"