भोंगा गप्प बसतो

बसस्थानकाच्या ध्वनिक्षेपकावरून गाड्या सांगणाऱ्या माणसाला लोकांनी 'भोंगा' हे नाव ठेवलं, आणि त्यानेही ते गोड मानून घेतलं. त्याचा चेहरा फारसा कुणी पाहिला नव्हता. फलाटाच्या टोकाला, काचेवर कागद चिकटवलेल्या खोलीत तो एकटा बसे. आवाज मात्र पार बाजारापर्यंत पोचे. त्या एकांताचा त्याने पुरेपूर फायदा घेतला. पिशवीत जेवणाच्या डब्याशेजारी बाटली असायची, आणि डबा पुष्कळदा तसाच घरी परत यायचा.

एकदा बायकोने तो न उघडलेला डबा ओट्यावर ठेवला आणि शांतपणे सांगितलं, "दारू सोडणाऱ्यांची सभा भरते म्हणतात. तिथे जा, चार लोकांत तोंड उघडून कबूल करा. नाहीतर मी लेकीला घेऊन दादाकडे निघाले."

बायको ओरडली असती तर त्याने वेळ मारून नेली असती. ती शांतपणे बोलली, तेव्हा त्याचं धाबं दणाणलं.

पत्ता डॉक्टरांनी दिला. वाचनालयाची मागची खोली, दर शनिवारी संध्याकाळी. तिथे नाव सांगावं लागत नाही, ओळख गुप्त राहते, असंही ते म्हणाले. भोंग्याला हसावं की रडावं कळेना. नाव लपवून काय उपयोग? त्याची ओळख नावात नव्हतीच, घशात होती. तोंडातून दोन शब्द पडले की अख्खी खोली म्हणणार, 'अरे, हा तर स्थानकावरचा!' जन्मभर मोठ्याने बोलून पोट भरलं, घ्या आता, असं म्हणत त्याने स्वतःलाच दोन शेलक्या शिव्या हासडल्या.

वाचनालयाच्या दारात पहारेकरी होता. भोंग्याने आवाज न काढता हातवारे केले. आधी खोली, मग सभा, आणि शेवटी नाइलाजाने अंगठा तोंडाला लावून पिण्याची खूण. पहारेकऱ्याला मुक्या-बहिऱ्या माणसाची कीव आली. त्याला ऐकू जावं म्हणून तो सगळ्या वाचकांदेखत बेंबीच्या देठापासून ओरडला, "दारूवाले ना? सरळ जा, मग डावीकडे!"

वर्तमानपत्रांमागून डोकी वर आली. इतकी चोख घोषणा आपल्यालाही जमली नसती, हे भोंग्याला मान्य करावं लागलं.

खोलीत घडीच्या खुर्च्यांवर सात-आठ जण होते. सभा चालवणारा गवंडी होता, आणि त्याच्या शेजारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर. एकेक जण आपली कहाणी सांगत होता. भोंग्याची पाळी आली तेव्हा तो खोकला, गळ्याला हात लावला आणि कसाबसा कुजबुजला, "घसा बसलाय."

झालं! सिस्टरांनी गुळण्या सांगितल्या, गवंड्याने आलं आणि मध सांगितला. पुढच्या शनिवारी एकाने काढा करून आणला, त्याच्या पुढच्या शनिवारी दुसऱ्याने. दारू सोडायला आलेला माणूस दर आठवड्याला नवी बाटली बगलेत मारून घरी जाऊ लागला. काढे कडूजहर होते, पण तक्रार करायला आवाज कुठला काढणार?

ऐकण्याचा गुण मात्र आला. दोनदा घसरला, तरी पिशवीतली बाटली हळूहळू बंद झाली. पण बायको दर शनिवारी दारातच विचारी, "बोललात?" आणि तो नकारार्थी मान हलवी. अखेर एका शनिवारी सकाळी माळ्यावरची मोठी बॅग खाली आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. त्या संध्याकाळी भोंगा सभेत पाळी येण्याआधीच उभा राहिला. खोकून त्याने तोंड उघडलं, आणि सवयीने शब्द बाहेर पडले, "कृपया इकडे लक्ष द्यावे!"

दोघांनी दचकून पायाशी ठेवलेल्या पिशव्या उचलल्या.

"मी स्थानकावरचा भोंगा," तो म्हणाला. "मी दारुडा आहे. दुपारच्या गाड्या मी पिऊन सांगायचो."

"माहीत आहे," गवंडी म्हणाला.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवशी खोकलात तेव्हापासून. गाडी सांगायच्या आधी तुम्ही अगदी असेच खोकता."

"आणि पिण्याचं म्हणाल," सिस्टर म्हणाल्या, "तर दुपारी तुमची जीभ कशी अडखळायची, ते सगळा बाजार ऐकत होता."

भोंगा मटकन खाली बसला. जे लपवायला त्याने इतके काढे रिचवले, ते तो स्वतःच रोज ध्वनिक्षेपकावरून सांगत होता! "मग तो काढा कशाला पाजलात मला?"

"तुम्ही घसा म्हणालात, आम्ही काढा दिला," गवंडी म्हणाला. "बोलायचं कधी, ते ज्याचं त्याने ठरवायचं."

ही फजिती तो घरी रंगवून सांगू लागला. बायको हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही.

"इथेही सगळं ऐकू येतं," ती म्हणाली. "दुपारी तुमचा आवाज जड आला, की लेक आपणहून दप्तर भरून शेजारच्या काकूंकडे जाऊन बसायची. मला सांगावंसुद्धा लागायचं नाही."

भोंग्याला स्वतःची इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

सोमवारी दुपारी, लेक घरी असते त्या वेळेला, त्याने तीनची गाडी सांगितली. एकेक शब्द सुटा, स्वच्छ. मग पुन्हा सांगितली. मग आणखी एकदा. वाहतूक नियंत्रक धावतच खोलीत आला. "अहो, काय चाललंय? गाडी केव्हाच सुटली!"

"सुटू दे," भोंगा म्हणाला, आणि माइक जवळ ओढून त्याने तीच गाडी परत सांगितली.