बाकांमधला समुद्र

इतिहासाच्या बाईंच्या पिशवीला कायम लवंगेचा वास यायचा. शिक्षकांच्या खोलीत त्या आल्या, की मान वर न करताही कळायचं. मुलांनी त्यांना 'मसालेवाल्या बाई' करून टाकलं होतं आणि खरं सांगायचं तर बाईंना ते आवडायचं. घरी मात्र धाकटी बहीण मेटाकुटीला आलेली.

"ताई, तुझ्या जहाजांनी माझं स्वयंपाकघर धुऊन नेलं! डब्यात मिरीचा दाणा नाही."

"आणते गं संध्याकाळी," असं म्हणायचं आणि साफ विसरायचं, हे बाईंचं ठरलेलं.

या सगळ्याचं मूळ एका मुलीच्या प्रश्नात होतं. बाई तेव्हा नवीन होत्या. त्या धडा वाचायच्या, वर्ग पेंगायचा. एक दिवस त्या मुलीने विचारलं, "बाई, चिमूटभर मिरीसाठी लोक जिवावर उदार का व्हायचे?" बाईंनी पुस्तक चाळलं. काय सांगणार, कप्पाळ! पुस्तकात म्हटलं होतं, व्यापार चालत असे. चालत असे म्हणे! कसा? कोण चालवायचं? बाईंच्या डोक्यात जो किडा शिरला तो शिरलाच. त्यांनी ग्रंथालय पालथं घातलं, किराणा दुकानदाराला भंडावून सोडलं आणि शेवटी वर्गातच व्यापार मांडला.

खिडकीकडची मुलं मिरी पिकवणारी. फळ्याकडची शहरातली गिऱ्हाइकं. मधली मोकळी जागा म्हणजे समुद्र. जहाज म्हणजे खडूचं खोकं धरलेली तीन मुलं. छताचा पंखा हा वारा. पंखा फिरला तर जहाज हलणार, नाहीतर जागच्या जागी. आणि नियम कडक: ज्याने त्याने फक्त शेजाऱ्याशीच बोलायचं. त्यामुळे मिरी कुठून येते हे शहराला कळायचं नाही, आणि मधले, जहाजावरचे व्यापारी मनाला येतील त्या थापा मारायचे. एकाने सांगितलं, मिरीच्या झाडाखाली साप झोपतात. शहराने लगेच जास्त भाव मोजला.

सगळं छान चाललं होतं, तोच मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून घेतलं. ते स्वतः गणित शिकवायचे.

"बाई, वाईट वाटून घेऊ नका. आठवीचा इतिहासाचा तास मी गणिताला घ्यावा म्हणतो. तुमच्या वर्गात नुसता खेळ चालतो, अशी तक्रार आहे."

"आधी येऊन बघा तरी, सर," बाई म्हणाल्या. आठवीचा तास गेला असता, तर मागे उरलं असतं काय? धाकट्यांना सनावळ्या घोकायला लावणं.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक आठवीच्या वर्गावर आले ते उशिरा. खेळ रंगात आला होता. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि खुर्ची ठेवली ती नेमकी मधल्या मोकळ्या जागेत. भर समुद्रात! मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. सांगणार कोण? जहाज मुकाट्याने त्यांना वळसा घालू लागलं.

आणि वीज गेली.

पंखा गरगरत गरगरत थांबला. जहाज थांबलं. खोकं हातात धरून तिघंही पुतळ्यासारखी उभी. झालं, संपलं सगळं!

थोडा वेळ वाट बघून मुख्याध्यापक उठायला लागले. "ठीक आहे, बाई. मला जरा कार्यालयात..."

"सर, नाही जाता येणार," जहाजावरची मुलगी घाईघाईने म्हणाली. "वारा पडलाय. तुम्ही समुद्रात आहात."

बाईंनी डोळेच मिटले. आता ही बोलणी खाणार! मग त्यांनी हळूच एक डोळा उघडला. मुख्याध्यापक परत खुर्चीत बसले होते.

"मग वारा येईपर्यंत खलाशी करायचे काय?"

"बंदरात असले तर तिथेच राहायचे, सर. महिनोन्‌महिने."

"खायचे काय?"

"मिरी!" मागून कोणीतरी ओरडलं आणि वर्ग खो-खो हसला. मुख्याध्यापकही हसले. मग त्यांचं सुरूच झालं. भाषा कळायची का? आजारी पडलं तर? मिरी भिजली तर नुकसान कोणाचं? मुलं एकमेकांच्या वरताण उत्तरं देत होती, भांडत होती. बाई भिंतीला टेकून बघत राहिल्या. एवढ्या वर्षांच्या नोकरीत या माणसाने वर्गात हजारो प्रश्न विचारले असतील, पण उत्तर आधीच ठाऊक असलेले. आज पहिल्यांदाच त्यांना खरंच काही माहीत नव्हतं, आणि ते जाणून घ्यायचं होतं.

घंटा झाली. मुलं बाहेर पळाली. बाईंनी धीर केला.

"सर, तासाचं काय ठरवलंत?"

"कुठला तास?" ते खिडकीपाशी घुटमळत होते. "हां, तो! तो तुमचाच राहू दे. मला हे सांगा, एवढे महिने माणूस अडकून पडायचा, तर घरी बायकोला कसं कळायचं, तो जिवंत आहे की नाही?"

बाईंनी हे कुठेच वाचलं नव्हतं. त्या मोठमोठ्याने हसायला लागल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"देवाशपथ माहीत नाही, सर," त्या म्हणाल्या. "चला, शोधू."