मेणावरचा चावा

कवळीकाकांचे खरे नाव दवाखान्याच्या हजेरीपटावर होते आणि तिथेच राहिले. दातांच्या त्या दवाखान्यात मागच्या खोलीत बसून तेहतीस वर्षे त्यांनी लोकांच्या कवळ्या घडवल्या होत्या, त्यामुळे कवळीकाका म्हटल्यावरच ते वळून पाहत. खोली जेमतेम आठ पावलांची. खिडकीखाली टेबल, त्यावर स्पिरिटचा दिवा आणि गुलाबी मेणाच्या पट्ट्यांचा डबा. भिंतींवरच्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, प्रत्येकाखाली पेन्सिलीने आकडा. रस्त्यात कुणी हाक मारली की काका गोंधळत. तो माणूस हसला की मात्र लगेच म्हणत, "हां हां, तुमची खालची डावी दाढ मीच केली ना!"

त्यांची बायको सगळ्यांना सांगे, "पहिल्यांदा भेटले तेव्हा सारखे माझ्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं, बिचारे लाजाळू आहेत, डोळ्यांत बघवत नाही. कसलं काय, दात मोजत होते!"

बाहेर पेशंट बसत त्या खोलीत पाच फुटी काचेची टाकी होती आणि तिच्यात एकच मासा. ताटलीएवढा, अंगाने काळपट रुपेरी, पोटाला लालसर. नऊ वर्षांपूर्वी थोरल्या डॉक्टरांनी तो आणला तेव्हा नाण्याएवढा होता. पिशवी हातात देताना दुकानदार डोळा मिचकावून म्हणाला होता, "पिरान्हा आहे बरं का, जपून!" तो खरे बोलत होता की थट्टा करत होता, हे कुणी विचारले नाही. ताटकळलेली मुले काचेवर थापट्या मारू लागली, तेव्हा थोरल्या डॉक्टरांनी काकांकडून पुठ्ठ्याची पाटी लिहून घेतली: 'पिरान्हा. हात घालू नये. याचे दात तुमच्यापेक्षा चांगले आहेत.' दोघेही लिहिताना पोट धरून हसले होते. पुढे थोरले डॉक्टर गेले, दवाखाना त्यांची सून, डॉक्टरीणबाई, पाहू लागली. पाटी तशीच राहिली, आणि पाहता पाहता थट्टेचे प्रमाणपत्र झाले.

त्या सोमवारी काउंटरवरच्या ताईने रोजच्यासारखी काकडीची फोड हातानेच पाण्यात धरली आणि माशाने फोडीबरोबर बोटही धरले. कातडे खरचटले, रक्ताचे दोन थेंब आले. ताई म्हणाली, "माझंच चुकलं, लाल नेलपॉलिश लावलं होतं." पण डॉक्टरीणबाईंनी तिच्या बोटाला मलम लावता लावता पाटी वाचली.

"काका, आज ताईचं बोट, उद्या एखाद्या लहान मुलाचं. पाटीवर पिरान्हा तुम्हीच लिहिलंय ना?"

अक्षर काकांचेच होते.

मासा आता दवाखान्यात नको, असे डॉक्टरीणबाईंनी ठरवले. टाकी धुवायला येणारा माणूस म्हणाला, "पिरान्हा कोण घेणार? शुक्रवारी येतो, पाण्यात औषध घालतो. झोपेत जाईल, त्याला कळणारही नाही."

"अरे, पण तो रोज काकडी खातो," ताई म्हणाली. "वाघ उपाशी मेला तरी गवत खात नाही म्हणतात."

"नऊ वर्षं दुसरं काही मिळालंच नाही तर वाघसुद्धा खाईल, ताई."

काकांनी मंगळवारी शहराच्या बागेतल्या मत्स्यालयात फोन लावला. तिथल्या मॅडमनी शांतपणे सगळे ऐकून घेतले. "तुमचं वर्णन दोघांनाही लागू पडतं," त्या म्हणाल्या. "पाकू हा फळं-पाला खाणारा मासा आणि पिरान्हा मांस खाणारा, पण लहानपणी दोघे सख्खे भाऊ दिसतात. पाकू पुढे दोन-अडीच फूट होतो, पण तुमच्या टाकीत वाढ खुंटली असणार, तेव्हा आकारावर जाऊ नका. लाल पोटावरही जाऊ नका. दात बघा. पिरान्ह्याचे करवतीसारखे, टोकदार. पाकूचे चौकोनी, आपल्यासारखे. पाकू असेल तर खुशाल आणा, आमच्या मोठ्या टाकीत चार आहेत. पिरान्हा असेल तर नको हो. इथे इतरांच्या शेपट्या शिल्लक राहणार नाहीत."

दात बघा म्हणणे सोपे होते. मासा काही 'आ करा' म्हटल्यावर आ करत नाही. ताईने मोबाईलवर तीस फोटो काढले, तिसांतही मासा ओठ मिटून उभा. जाळ्यात धरावा तर धडपडून जीवच जायचा. बुधवारी काका दिवसभर टाकीपुढे स्टूल टाकून बसले. नजर सारखी पाटीकडे जाई. आपण हसता हसता लिहिलेला एक शब्द, आणि तो या मुक्या जिवाच्या गळ्याशी आला.

संध्याकाळी घरी काकांचे जेवणात लक्ष लागेना.

"माझी दाढ पंधरा दिवस ठणकतेय," बायको म्हणाली, "आणि तुम्हाला काळजी माशाच्या दातांची. घरचं जळतंय आणि हे गावाला पाणी घालतायत!"

"दाखव. आ कर."

"नाही करणार. दुखतं."

"बरं, तोंड नको उघडू मोठं. खिशात मेणाची पट्टी आहे, ती नुसती हलकेच चाव, म्हणजे ठसा..." बोलता बोलता काकांचा हात खिशातच थांबला. तोंड न उघडणाऱ्या पेशंटची खोड ते तेहतीस वर्षे याच मेणाने मोडत आले होते.

"काय झालं? भूत दिसलं का?"

"अगं, तू सोन्याची आहेस!"

"ते मला माहीत आहे. दाढेचं काय?"

गुरुवारी दुपारी दवाखाना रिकामा झाल्यावर काकांनी पट्टी दिव्यावर धरून मऊ केली, काकडीच्या फोडीभोवती गुंडाळली आणि लांब चिमट्यात धरून पाण्यात सोडली. ताई आणि डॉक्टरीणबाई मागे उभ्या. मासा जवळ आला, हुंगून वळला. पुन्हा आला, पुन्हा वळला.

"पेशंट अवघड आहे," काका पुटपुटले.

तिसऱ्या खेपेला चिमट्याला हिसका बसला. काकांनी मेण काढून खिडकीशी नेले. भिंग हातात होते, पण डोळ्याला लावायचा धीर होईना. टोके दिसली तर? मग उद्याच्या औषधाची सही आपल्याच पाटीने केली म्हणायची.

"काका, बघताय ना?" ताईने विचारले.

त्यांनी पाहिले. मेणात एकही टोक रुतले नव्हते. शेजारी शेजारी रुंद, बोथट, चौकोनी ठसे, एखाद्या म्हाताऱ्याच्या झिजलेल्या दाढांसारखे. काकांनी भिंग डॉक्टरीणबाईंच्या हातात दिले.

त्यांनी ठसा उजेडात फिरवून पाहिला. "सुळा कुठेच नाही," त्या म्हणाल्या. "काका, हे फाडायचे दात नाहीत. दळायचे आहेत!"

ठशाचा फोटो मत्स्यालयात गेला. पाच मिनिटांत फोन वाजला. "पाकूच! अहो, पिरान्हा असता तर ताईंच्या बोटाचा लचकाच तुटला असता. कधी आणताय?"

काकांनी उरलेली काकडी टाकीत सोडली. चार दिवस छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसा त्यांना श्वास आला. ताई रडत हसत होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "टाकीवाल्याला सांगा, उद्या औषध नको, मोठं पिंप घेऊन ये."

शुक्रवारी मासा बागेत गेला. मोठ्या टाकीत आधी अर्धा तास कोपऱ्यात अंग चोरून राहिला, मग त्या चौघांच्या मागे मागे फिरू लागला. काका तो मागे वळून पाहतो का, याची वाट पाहत होते. तो काही वळला नाही, आणि काकांना तेच बरे वाटले.

परत आल्यावर त्यांनी पाटी काढली आणि कात्रीने पहिला शब्द तेवढा कापून टाकला. "बाकीचं आठवण म्हणून राहू द्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बाबांनी बाकी सगळं खरंच लिहवून घेतलं होतं."

मेणाच्या ठशात प्लास्टर ओतून काकांनी इवलासा जबडा काढला आणि पुढचा आकडा घालून फळीवर ठेवला. पुढच्या आठवड्यात बायको अखेर दाढ दाखवायला आली, तेव्हा तिची नजर नेमकी त्यावर गेली.

"हा कोण हो पेशंट?"

"आहे एक. तोंड उघडायला तुझ्याइतकाच हट्टी."

तिने जबडा उचलून न्याहाळला. "अगदी तुमच्या थोरल्या बहिणीचे दात!" ती म्हणाली, आणि हसताना तिचे तोंड इतके उघडले की काकांना दाढ आयतीच दिसली.